चिठ्ठीत निघालेली बाजू

४ मार्च

प्रिय बटण,

मामाचे भरभरून आशीर्वाद. तब्येत कशी आहे, हे मी रीत म्हणून विचारतो आणि मग खरोखरच उत्तराची वाट बघत बसतो, तेव्हा या खेपेला नुसतं 'ठीक' लिहून माझी बोळवण करू नकोस. खोकला गेला का? नवीन पांघरूण मिळालं का? इकडे आम्ही सगळे धडधाकट. माझे गुडघे जिना दिसला की कुरकुरतात, पण मी त्यांचं ऐकत नाही आणि ते माझं ऐकत नाहीत. असा आमचा संसार चालू आहे.

दुकान आता सर्वस्वी तुझ्या ताईच्या हातात आहे. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा, सगळं माझी ही लेकच बघते. मला खिडकीजवळ एक स्टूल दिलंय आणि कापडाची बटणं मढवायचं काम दिलंय. म्हणजे लहानपणी तू टेबलाखाली बसून जे करायचास, ते आता मी स्टुलावर बसून करतो. बटण मढवायला घेतलं की तुझी आठवण येते. तुझं नाव काय उगाच पडलं?

माझी नात, आपली शेपूट, बरीच उंच झाली. ताईच्या मागे मागे फिरायची म्हणून तिला शेपूट म्हणायचो, आता ताईच तिच्या मागे फिरते, 'दप्तर भरलंस का, डबा घेतलास का' करत. शाळेत तिला एका नावाड्याची कविता पाठ करायला दिली आहे. पण बटण, आताची मुलं कविता बसून म्हणतात रे! आमच्या वेळी उभं राहायचं, एक हात बाकावर, नजर समोरच्या भिंतीवर, आणि बाई पट्टीने टेबलावर ताल धरायच्या. एखादी ओळ पडली तरी ताल पडता कामा नये. माझ्या शेजारी औषधवाला उभा असायचा. त्याला सगळं आधी संपवायची घाई, म्हणून तो माझ्यापेक्षा एक ओळ पुढे धावायचा आणि मी मागे रेंगाळायचो. आजतागायत तसंच आहे. त्या वर्गात दुपारचं ऊन बाकावर तिरपं यायचं आणि सगळी पोरं मिळून 'पैलतीर' म्हटलं की मला खरोखर पाणी दिसायचं. असो. तू म्हणशील, मामा वाहवला.

आता मोठी बातमी. ती तुमच्याकडे आमच्याआधीच पोचली असेल. राष्ट्राध्यक्षांनी म्हणे अमली पदार्थ आणि बेकायदा हत्यारांच्या खटल्यांतले काही कैदी निवडून त्यांची उरलेली शिक्षा माफ करायचं मनावर घेतलंय. ज्यांच्या हातून कुणाला इजा झाली नाही, असे. त्यात तुझा अर्ज विचारात आहे, हे ताईला वकिलाने सांगितलं. ती मुळीच रडली नाही. फक्त एकाच सीटला दोनदा कापड लावून बसली.

गल्लीत तर दुसरा विषयच नाही. सलूनमध्ये बसचा ड्रायव्हर अर्ध्या दाढीनिशी उठून म्हणाला, "पावडर ठेवणाऱ्याला माफी, आणि मी सिग्नल तोडला की दंड! हा कुठला न्याय?" न्हावी म्हणाला, "तू आधी खाली बस. वस्तरा माझ्या हातात आहे तोवर तुझं म्हणणं मला मान्य आहे." पाववाली मात्र हसत नाही. तिच्या भावाचा मुलगा त्या पावडरीपायी अजून दवाखान्याच्या फेऱ्या मारतोय. ती म्हणते, "इजा झाली नाही म्हणे! इजा काय हाड मोडल्यावरच होते?"

मग आमच्या शनिवार मंडळाने हाच विषय चर्चेला घेतला. तुला मंडळ आठवतं ना? वाचनालयाच्या वरची खोली, डगमगणारं टेबल, आणि अध्यक्षस्थानी पोस्टातून निवृत्त झालेल्या टपालबाई. पद्धत तीच. दोन वक्ते, दोन चिठ्ठ्या. टपालबाई त्या जुन्या टपालाच्या पिशवीत टाकून हलवतात. जी बाजू निघेल ती मांडायची, आणि मनापासून मांडायची. हातचं राखून बोलणाऱ्याला पुढच्या शनिवारी चहा नाही.

एक चिठ्ठी औषधवाल्याने काढली. निघाली 'माफी द्यावी'! अरे, त्याचा चेहरा! स्वतःच्याच दुकानातलं कडू औषध चमचा न घेता प्यायल्यासारखा. "मी? मी माफीच्या बाजूने? बाई, माझ्या खुर्चीचं काय झालं ते साऱ्या गावाला माहीत आहे!"

"म्हणूनच तर ऐकायला मजा येईल," टपालबाई म्हणाल्या.

खुर्चीची गोष्ट तुला ठाऊक आहे, तुझ्याइतकी ती कुणाला ठाऊक असणार? पण मला पुन्हा सांगायला आवडते. औषधवाल्याची गुबगुबीत खुर्ची आपल्याकडे दुरुस्तीला आलेली. तू त्या भामट्या मित्राचं पुडकं आणि पिस्तूल तिच्या बैठकीत काथ्याखाली शिवून ठेवलंस. आठ-दहा दिवसांनी काढून देणार होतास. आणि मी, कधी नव्हे ते, काम वेळेआधी पुरं करून सकाळी सकाळी खुर्ची पोचती केली! त्यानंतर रोज त्याची तक्रार, "तुझी स्प्रिंग टोचते." मी म्हणायचो, "माझी स्प्रिंग टोचत नाही, तुझंच हाड टोचत असेल." शेवटी मला खोटं पाडायला त्याने स्वतः सुरीने बैठक फाडली. पोलीस आले तेव्हा तो दारात उभा राहून ओरडत होता, "मी सांगत होतो ना, स्प्रिंगचा दोष आहे!"

तर पुढच्या शनिवारी औषधवाला बोलला. आणि बटण, छान बोलला रे! कोर्टात जाऊन तुझ्या खटल्याचे कागद वाचून आला होता. म्हणाला, "मंडळी, मी या गुन्ह्यावर बसलेलो आहे. माझ्याइतका जवळून त्याच्याशी कुणाचा संबंध आलेला नाही." सगळे हसले. मग म्हणाला, "पुडकं ज्याचं होतं तो दुसऱ्यांची नावं सांगून केव्हाच बाहेर आला. या पोराने कुणाचंच नाव सांगितलं नाही, म्हणून तो आत आहे. माझी खुर्ची एका आठवड्यात दुरुस्त झाली. एका पोराला किती वर्षं लागावीत?" खाली बसला तेव्हा स्वतःच्याच बोलण्यावर चिडलेला दिसत होता.

विरुद्ध बाजूनेही एक जण बोलला. बरा बोलला म्हणतात. हात वर करून मतं घेतली, त्यात विरुद्ध बाजू जिंकली. तू मनावर घेऊ नकोस. याच मंडळाने मागे थंडी कमी करावी असाही ठराव मंजूर केला होता.

माफीच्या कचेरीतल्या कुणी बाई घर बघायला येणार आहेत, तू कुठे राहशील वगैरे विचारायला. मी कळवलंय, सध्या कामाची गर्दी आहे.

ताईचे आशीर्वाद. शेपटीचा नमस्कार, तिने आत्ताच पेन ओढून घेतलं म्हणून ही रेघ.

तुझा,
मामा


१९ मार्च

प्रिय बटण,

आशीर्वाद. पत्र मिळालं. या खेपेला तू 'ठीक' हा शब्ददेखील लिहिला नाहीस.

तुझ्या वकिलाने तुला सांगितलं की माफीच्या कचेरीत तुझ्या विरोधात एक ठराव आला आहे आणि तो खुद्द तुझ्याच गल्लीतून आला आहे. आणि तू विचारतोस, "मामा, तो 'एक जण' कोण?"

मीच.

आधी ठराव तिथे गेला कसा, ते सांगतो, म्हणजे तेवढं हसून होईल. टपालबाईंचा सारा जन्म पाकिटं पत्त्यावर पोचवण्यात गेला. कुठलीही गोष्ट बिनपत्त्याची राहिली की त्यांना झोप येत नाही. म्हणून आमचा प्रत्येक ठराव त्या संबंधितांना पाठवतात. थंडीचा ठराव हवामान खात्याला गेला होता. हा राष्ट्राध्यक्षांना गेला, भाषणाच्या सारांशासकट, सुवाच्य अक्षरात. वेधशाळेने कधी उत्तर दिलं नाही, पण या कचेरीत माणसं टपाल वाचतात, हे आम्हाला कुणाला माहीत! टपालबाईंना कळलं तेव्हा त्या मटकन खाली बसल्या. "अहो, आजवर आपलं कुणी वाचलंच नव्हतं!" म्हणाल्या. आता त्यांनी पुरवणी पाठवली आहे, की वक्त्याची बाजू चिठ्ठीत निघाली होती, त्याचं वैयक्तिक मत धरू नये. औषधवाला तर दुकान बंद करून माझ्याकडे आला. "तू हरला असतास तर काय बिघडलं असतं? जन्मभर माझ्याशी हरत आलास, नेमकं त्याच दिवशी जिंकायचं सुचलं?"

मी हे सगळं असं लिहू शकतो आणि इथेच थांबू शकतो. चिठ्ठीत निघालं, नियम होता, बोललो. तुला पटलंही असतं. तुला माझं सगळंच पटतं.

पण टपालबाईंनी मला विचारलं होतं. चिठ्ठी उघडल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या घरचा प्रश्न आहे. तुम्ही बसा, मी दुसऱ्या कुणाला उभं करते." आणि मी म्हणालो, "नको, मी बोलतो."

उभा राहिलो तेव्हा वाटलं होतं, दोनचार गुळमुळीत वाक्यं बोलून खाली बसावं. पहिली वाक्यं तशीच होती. कायदा, शिस्त, समाज. लोक जांभया देत होते. मग पाववाली पहिल्या रांगेत बसलेली दिसली, हात मांडीवर घट्ट धरून. आणि माझ्या तोंडून निघालं, "कुणाला इजा झाली नाही, असं आपण म्हणतो. मी सांगतो काय झालं."

बटण, खुर्चीची गोष्ट मी सगळ्यांना हसून सांगतो. पण त्यातला एक भाग कधीच सांगत नाही. तुला सांगितला नाही, ताईलाही नाही.

ती खुर्ची आपल्या दुकानात होती तेव्हा शेपूट जेमतेम बोलायला लागली होती. दुपारी ताई जरा पडली की मी पोरीला त्या खुर्चीवर उभं करायचो. मी कविता म्हणायचो आणि ती तालावर उड्या मारायची. मऊ बैठक, पडायची भीती नाही. मी टाळ्या वाजवायचो. शाळेतल्या बाईंची पट्टी आठवून ताल धरायचो आणि म्हणायचो, "उंच! अजून उंच!" पुढे फौजदाराने माझ्यासमोर त्या पिस्तुलातून काडतुसं काढली. एकेक करून आपल्या दुकानातल्या टेबलावर ठेवली. तेव्हा मला ते टाळ्यांसारखं ऐकू आलं.

हे मी त्या सभेत सांगितलं. मग मी म्हणालो, "इजा झाली नाही हे नशीब होतं, त्या पोराचं चांगलं वागणं नव्हतं. नशिबाबद्दल कुणाला माफी द्यायची?" आणि खाली बसलो. पाववालीने येऊन माझा हात धरला. मला तो सोडवावासा वाटत होता.

शेवटच्या रांगेत तुझी ताई होती. ती कधी येत नाही, त्या दिवशी आली होती. तेव्हापासून ती माझ्याशी चहापुरतं बोलते. "ठेवलाय." "घ्या." मला घरात कधी 'अहो-जाहो' नव्हतं, आता 'घ्या' म्हणते.

तेव्हा खरं सांगायचं तर चिठ्ठीचा काही दोष नाही. तुला आत जाऊन इतकी वर्षं झाली. मी तुला दर महिन्याला गमतीजमतीची पत्रं लिहिली आणि आतल्या आत तुझ्यावर चिडलेला राहिलो. घर बघायला येणाऱ्या बाईंना मी कामाची गर्दी आहे म्हणून टाळतोय, तेही त्यातलंच. त्या विचारणार, "त्याला घरी घ्याल का?" आणि माझ्या तोंडून 'हो' कसं निघेल, याचा मला भरवसा नाही.

मला एकच विचारायचंय. तू समोरच्या टेबलावर बटणं मढवत बसायचास. ती उड्या मारायची तेव्हा तू बघत होतास का?

सावकाश लिही. पण लिही.

मामा


६ एप्रिल

प्रिय बटण,

तुला अनेक आशीर्वाद, आणि ते या वेळी अक्षर नीट काढून लिहितोय.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते फोडलं नाही. ताईने फोडलं. दुकानात उभ्या उभ्या वाचलं, दाभण बोटात अडकलेलंच होतं. मग माझ्या हातात दिलं. तुझीच वाक्यं तुला परत लिहितो, कारण मला ती पाठ झाली आहेत, आणि पाठ झालेलं लिहून बघायची मला शाळेपासून सवय आहे.

"मामा, बघत होतो. रोज बघत होतो. एकदा मी तिला उचलून खाली ठेवलं. तू म्हणालास, असू दे रे, उड्या मारू दे, तिला ताल कळतोय. मी परत जागेवर जाऊन बसलो. त्यानंतर काही केलं नाही. यावर माझ्याकडे काही सबब नाही."

तू तिला उचलून खाली ठेवलं होतंस, हे मी विसरलो होतो. आता लख्ख आठवतं. तू तिला दाराजवळ नेलंस आणि तुझे कान लाल झाले होते. मला वाटलं, तुला कवितेचा कंटाळा आला. मी तुझ्यावर थोडा रुसलोही होतो.

मला हवं असलेलं उत्तर 'नाही' होतं. 'नाही मामा, माझं लक्ष नव्हतं.' ते तू लिहिलं असतंस तर मी ते डोळे मिटून मानलं असतं, आणि ताईने उघड्या डोळ्यांनी फाडून टाकलं असतं. तिने दाभण बोटातून काढून ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, त्या कचेरीतल्या बाईंना बोलाव. तुझी गर्दी संपली म्हणावं." 'बोलाव' म्हणाली, बटण! 'बोलवा' नाही!

बाई काल येऊन गेल्या. वयाने ताईएवढ्या, सर्दीने बेजार, हातात फुगलेली फाइल. मी आपला उत्तम सोफा पुढे केला. त्या बसण्याआधी थबकल्या आणि हळूच दोन बोटांनी बैठक दाबून बघायला लागल्या! फाइल नीट वाचलेली दिसली. नेमका त्याच वेळी औषधवाला आत आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "निर्धास्त बसा बाई," तो म्हणाला, "यांच्याकडचा माल पारखायचं काम माझं आहे." आणि त्यांच्या आधी स्वतःच बसला. वर सर्दीच्या गोळ्याही काढून दिल्या.

बाईंनी तुझी खोली बघितली, दुकान बघितलं, काम कोण देणार, लक्ष कोण ठेवणार, सगळं विचारलं. मग फाइलमधून टपालबाईंचा कागद काढला. "हे भाषण तुमचं?"

"माझं."

"पुरवणीत लिहिलंय की ही बाजू चिठ्ठीत निघाली होती. म्हणजे तुमचं खरं मत हे नव्हतं, असं लिहू का?"

औषधवाला मला पायाने ढोसत होता. 'हो म्हण, हो म्हण.' एका शब्दाचं काम होतं. मी म्हणालो, "नाही. त्या दिवशी जे बोललो ते मला खरोखरच वाटत होतं. अजूनही वाटतं."

औषधवाल्याने कपाळाला हात लावला.

"मग त्याला घरी घ्यायला तुमचा विरोध आहे?"

"नाही हो! तसं कुठे म्हटलं मी?" मला धड बोलता येईना. सभेत कशी वाक्यं सुचली होती, इथे एक सुचत नव्हतं. "मी त्याच्यावर रागावलोय. आणि तो घरी यायला पाहिजे. आता हे दोन्ही एका कागदावर कसं बसवायचं ते तुम्ही बघा, मला जमत नाहीये."

तेव्हा तुझी ताई बोलली. हातातलं कापड खालीही न ठेवता. "बाई, आमच्याकडे राग आला म्हणून कुणाला घर बंद होत नाही. या घरात चिडलेली माणसं जेवायला एकत्रच बसतात. फक्त वाढताना भांडी जरा जोरात आपटतात."

बाई हसल्या, शिंकल्या, आणि म्हणाल्या, "हे मी असंच लिहून घेते." खरंच लिहिलं. मग तिला विचारलं, "आणि तुमची मुलगी? भाषणात जे आहे ते तिच्याबद्दल आहे."

"म्हणूनच मी सांगतेय," ताई म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या पोरीबद्दल असतं तर मी माफ करणारी कोण? माझ्या पोरीबद्दल आहे म्हणून मला बोलता येतं. त्याने खोटं सांगितलं असतं तर मी दार उघडलं नसतं. त्याने खरं लिहिलंय. पण माझी अट आहे. दुकानातून बाहेर जाणारी प्रत्येक बैठक आधी मी तपासणार, त्याच्यासमोर. जन्मभर. त्याला वाईट वाटलं तरी."

जाताना बाई मला म्हणाल्या, "माझ्याकडे शेकडो पत्रं येतात. सगळ्यांत एकच असतं, आमचा मुलगा साधा आहे, त्याने काही केलं नाही. वाचून काहीच कळत नाही. तुमच्याकडे निदान कळलं, त्याने काय केलं आणि तरी तो कुठे जाणार आहे." निर्णय त्यांचा नाही, राष्ट्राध्यक्षांचा आहे, हेही त्यांनी बजावून सांगितलं. तेव्हा उड्या मारू नकोस, मीही मारत नाही. गुडघे परवानगी देत नाहीत.

औषधवाला दारात मला म्हणाला, "एक शब्द खोटं बोलला असतास तर काय जात होतं तुझं?" मी म्हटलं, "तू तरी कुठे बोललास? सभेत जे बोललास ते तुला पटलंय, म्हणून तर आज आगंतुकासारखा आलास." तो म्हणाला, "मी सर्दीच्या गोळ्या द्यायला आलो होतो." बाईंना सर्दी आहे हे त्याला घरबसल्या कसं कळलं, ते मी विचारलं नाही. त्याचीही काही अब्रू आहे.

तुझा,
मामा


२१ मे

प्रिय बटण,

आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद.

काल तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोललो नाही. तोंडात टाचण्या आहेत म्हणालो. नव्हत्या. राष्ट्राध्यक्षांची सही झाली, एवढंच तू बोललास, आणि पुढचं मला ऐकू आलं नाही. ताईने फोन घेतला म्हणून बरं.

गल्लीतला वाद मिटलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे आल्या आल्या तुला धक्का बसायला नको. ड्रायव्हर म्हणतो, राष्ट्राध्यक्षांनी चूक केली. न्हावी म्हणतो, बरोबर केलं, पण तो हे ड्रायव्हर गेल्यावर म्हणतो. पाववाली दुकानात येऊन तोंडावर सांगून गेली, "तुमचं भाषण मला पटलं होतं, तुमचा पोरगा येणार हे पटलेलं नाही. पाव मात्र त्याला विकेन. आणि शिळा देणार नाही." तू तिच्याकडे जाशील तेव्हा हसायचा प्रयत्न करू नकोस. नमस्कार कर, पाव घे, ये. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

टपालबाईंनी राष्ट्राध्यक्षांचे आभार मानणारा ठराव मांडला. औषधवाला विरुद्ध बोलला. त्याला तीच चिठ्ठी निघाली. मनापासून बोलला आणि पडला, आणि इतका खूश झालेला मी त्याला शाळा सुटल्यापासून पाहिला नव्हता. मी गप्प बसून चहा प्यायलो.

तुझ्या खोलीत नवी गादी घातली आहे. ताईने स्वतः शिवली, टाके मोजून बघ, एकही लांब नाही. खिडकीतून सकाळचं ऊन येतं, ते बाकावर यायचं तसं तिरपं येतं. मी दोनदा तिथे बसून बघितलं. एकदा डोळा लागला.

आता शेवटची गोष्ट, आणि ती ताई आणि मी मिळून लिहितोय. तिने पेन धरलं नाही एवढंच.

शेपटीला माहीत आहे की तू तुरुंगात होतास आणि तुझ्याकडे पावडर आणि पिस्तूल सापडलं. खुर्चीची गोष्ट तिने माझ्याकडून शंभरदा ऐकली आहे, पण मी हसून सांगतो तेवढीच. ती स्वतः त्या खुर्चीवर उड्या मारायची, हे तिला आठवत नाही. सभेत मी जे बोललो ते मोठ्या माणसांनी अजून तिच्या कानावर जाऊ दिलेलं नाही, पण हे किती दिवस टिकणार? परवा तिने विचारलं, "आजोबा, खुर्ची आपल्या दुकानात होती तेव्हा मी कुठे होते?" मी घाईने एक बटण मढवायला घेतलं. ताई म्हणाली, "बटणमामा आला की त्याला विचार."

तर ती विचारेल. पहिल्याच दिवशी विचारेल, तुझे बूट काढून होण्याआधी. तू तिला उचलून खाली ठेवलं होतंस तेही सांग आणि परत जाऊन बसलास तेही सांग. मी टाळ्या वाजवत होतो ते तू सांगू नकोस, ते मी तुझ्या शेजारी बसून सांगेन. ती रडेल, किंवा चिडेल, किंवा आठवडाभर तुझ्याशी बोलणार नाही. बोलणार नाही पण जेवायला बसेल. तुझ्या ताटात कुणी जोरात वाढलं तर मान खाली घालून जेव.

लवकर ये.

तुझ्यावर अजून थोडा रागावलेला आणि सकाळपासून दारात स्टूल टाकून बसलेला,
तुझा मामा